डाव्या खिशातल्या नख्या

पहिली मी कापली एक्स-रेच्या फिल्ममधून.
डार्करूम बंद झाली त्या वर्षीच्या रद्दीतली,
नाव पुसलेली. कुणाची तरी सातवी बरगडी
तिरकी उतरत टोकापर्यंत आलेली.
पातळ इतकी, की सहाही तारांवरून
वारा घातल्यासारखी जायची, फर्रर्र.
सूर कमी, फिल्मचाच आवाज जास्त.
रविवारच्या पहिल्या गीताला खपून गेली,
सगळं मंदिर टाळ्या वाजवत होतं तोवर.
दुसऱ्या, संथ गीताला
योनातन पेटीवरून मान वर न करता म्हणाला,
"एस्तेर, पत्ते पिसतेयस का?"

मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड,
मोरीच्या फरशीवर घासून गोल केलेलं.
ते बोलायचं खणखणीत,
पण जाड तारेवर अडायचं
उंबऱ्याला ठेच लागावी तसं.
आणि नंबराचे उठलेले आकडे टोचायचे अंगठ्याला.
त्यांच्यामुळेच ती नखी घामात निसटत नव्हती,
हे कळायला दोन उन्हाळे गेले.

सांगलीत, हरभट रोडच्या दुकानात
पोरानं काचेवर मूठभर ओतल्या.
शून्य पॉइंट सेहेचाळीस, त्र्याहत्तर, एक, दीड.
"ताई, स्ट्रमिंग करता की लीड?"
मी म्हटलं, रविवारी करते.
तो हसला नाही. मी एकेक सगळ्याच घेतल्या.
दीडची सुटी बोटं वाजवताना छान,
प्रत्येक सूर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टपोरा;
कॉर्डला मात्र तिनं तार तोडली,
तीही उपासनेत, तीही "शांती" या शब्दावर.

दस्तगीरचाचा आले ते मनगट दाखवायला.
सतारमेकर गल्लीतले. अंगाला लाखेचा वास.
हात प्लेटवर ठेवा म्हटलं तर
त्यांची नजर माझ्या टेबलावर.
"ही काय? चष्म्याची काच कापलीस?"
मी सांगितलं. त्यांनी बरगडीवाली उजेडात धरली,
वाकवली, सोडली, कानाशी नेली.
"ही हवेशी बोलती. तारेशी न्हाई."
मग स्क्रीनवर त्यांचा अंगठा उमटला.
मुळाशी, दोन हाडांत,
जिथं केसभर अंधार असायला हवा
तिथं नुसतंच पांढरं.
"काय दिसतंय?"
"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.
आम्हाला एवढंच बोलायची मुभा असते.

गुरुवारी ड्यूटी संपवून गेले.
छताला भोपळे, खाली भुसा,
एक पोरगा पडदे बांधत बसलेला.
चाचांनी करवंटीचा तुकडा पायात धरला
आणि कानस चालवली. मध्येच थांबत होते.
थांबले की भोपळ्यांकडे बघत होते,
जणू त्यांनाच काही विचारायचं होतं.
मी कुठंही बघत नव्हते.
खोबरेल लावून, लुंगीवर घासून
नखी माझ्या हातात दिली. "वाजव."
मी वाजवलं.
"आवळू नको. पैसे देताना नोट धरतीस ना, तशी.
पडंल असं वाटाया पाहिजे.
पडू द्यायची न्हाई."

खालच्या तारेला त्या दिवशी पहिल्यांदा पोट आलं.
सूर लांबवर, जमिनीजवळून गेला,
रात्रीची मालगाडी जंक्शनबाहेर
न थांबता जाते तसा.

करवंटी झिजते. दीड महिन्यात टोक बोथट.
आणि टाळ्यांच्या गीताला
मी अजून बरगडीच काढते; खोटं कशाला बोलू,
तिथं तीच लागते.
डाव्या खिशात सगळ्या एकत्र असतात,
रुग्णाला "श्वास रोखा" म्हणताना
बोटं आपोआप एक निवडतात.

दुसरी मागायला मी गेले नाही.
कानस विकत आणली, नारळ घरचाच.
सहा फुटल्या. सातवी टिकली,
पण जाड झाली आहे, आणि एका बाजूला कललेली.
येत्या गुरुवारी दाखवायला नेईन.